मध्यंतरानंतरचा खटला

उरकुड्यांच्या घरी कुठला सिनेमा पाहायचा हे सून ठरवायची. पुनमच्या मोबाईलवर सगळं दिसायचं. वरोऱ्यात कुठला लागला, चंद्रपुरात कुठला, पाहून आलेले लोक काय म्हणतात, सगळंच. सासरे बापूजी टॉकीजची पायरी क्वचितच चढत. या वेळी मात्र विषय त्यांनीच काढला.

"वरोऱ्याले फौजेचा सिनेमा लागला म्हने. गोपाल घरी हाय तं पाहून येऊ सारेजन."

गोपाल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. फौजेत नायक होता. दिवाळीला आला होता आणि सोयाबीन विकून झालं, कापसाचा पहिला वेचा सुरू झाला, तरी घरीच होता. सुट्टी वाढवून मिळाली, असं त्यानं सांगितलं होतं. बापूजींनी ती गोष्ट गावभर केली होती. साहेबाची मर्जी असल्याशिवाय फौजेत सुट्टी वाढत नाही, असंही ते स्वतःच जोडून सांगत.

सिनेमाचं नाव होतं 'आदेश के बाद'. पोस्टरवर बर्फाचे डोंगर, आणि त्यांच्यापुढे एका लांब टेबलामागे बसलेले पाच अधिकारी.

"तो नका पाहू," गोपाल जेवता जेवता म्हणाला. "पेपरवाल्यायनं धुतला त्याले. लढाई नाई, काही नाई. अन् शिव्या लय हायेत. खुशबूले घेऊन कसं बसान?"

खुशबू म्हणजे गोपाल-पुनमची मुलगी, दुसरीत जाणारी. शिव्यांचं नाव निघाल्यावर आजी भागीरथाबाई लगेच म्हणाल्या, "मंग राहू द्या. लेकराच्या देखत तसलं नाई पायजे."

बापूजींनी पुनमकडे पाहिलं. "पुनम, तू पाह्य बरं मोबाईलवर. काय म्हनतेत लोकं?"

पुनमनं भांडी आवरल्यावर पाहिलं. पेपरवाल्यांनी सिनेमाला धुतलं नव्हतं. मुंबई-दिल्लीच्या समीक्षकांनी पाचपैकी चार तारे दिले होते, कोणी साडेचार. साक्षीदाराचं काम करणाऱ्या नव्या पोराचं सगळ्यांनी नाव घेतलं होतं. कुरकुर होती ती प्रेक्षकांची. एकानं लिहिलं होतं, 'लढाई पाहायला गेलो, अडीच तास वकिली पाहिली.' दुसऱ्याला झोप लागली होती.

मग तिनं चंद्रपूरच्या दीपिकाताईंचा व्हिडिओ लावला. दीपिकाताई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बोलायच्या आणि घरच्यांसोबत बसून पाहताना मान खाली घालावी लागेल का, तेवढंच सांगायच्या. जिल्ह्यातल्या बायका समीक्षकांपेक्षा त्यांचं जास्त ऐकायच्या. ताई म्हणत होत्या, "प्रमाणपत्र यू/ए तेरा प्लस आहे, म्हणजे लहान लेकरू नेणार असाल तर जबाबदारी आपली. चुंबन नाही, रक्त नाही. शिव्या दोन, दोन्ही मेजरच्या तोंडी, आणि त्याही पहिल्या अर्ध्या तासात. बर्फात एक प्रेत दिसतं, तेवढं लेकराला आधी सांगून ठेवा. सात-आठ वर्षांचं पोर घाबरणार नाही, कंटाळेल. सासू-सासऱ्यांना मात्र जरूर न्या. आणि मध्यंतरात उठून येऊ नका, सिनेमा त्याच्यानंतर आहे."

पुनमनं व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना तिचं लक्ष सिनेमाकडे नव्हतं. गोपाल खोटं बोलला होता. तो थापा मारणारा माणूस नव्हता, आणि एका सिनेमासाठी तर मुळीच नाही.

खोलीत आल्यावर तिनं विचारलं, "तुमी पाह्यला काय तो सिनेमा?"

"युनिटमंदी पाह्यला. थोडासा."

"परवाच्या शुक्रवारी लागला जी तो."

गोपालनं कूस बदलली. "मंग दुसरा असन. तुले जाचं तं जा. मी नाई येत."

"मामाजीले तुमच्या बाजूले बसून पाह्याचा हाय. ते एकटे नाई जानार."

सकाळी पुनमनं सासऱ्यांना सांगितलं की सिनेमा चांगला आहे, शिव्या दोनच आहेत आणि खुशबूला नेता येईल. बापूजींना तेवढं पुरलं. गोपालला मग नाही म्हणायला जागाच उरली नाही.

रविवारी दुपारच्या खेळाला ते काळीपिवळीनं वरोऱ्याला गेले. बापूजींनी धुतलेला सदरा घातला होता. टॉकीजच्या दारात ओळखीचा एक अडत्या भेटला, तर त्याला थांबवून म्हणाले, "हा गोपाल. फौजेत हाय ना. म्हटलं चाल, तूच समजावून सांग आमाले."

आत माणसं मोजकीच होती. मागच्या रांगेत पोरांचा एक घोळका होता. पडद्यावर हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या. हेलिकॉप्टर गेलं, बर्फातलं प्रेत दिसलं, आणि कॅमेरा एका खोलीत शिरला तो बाहेरच येईना. पोरं कुजबुजायला लागली, मग एकेक करून उठून गेली. खुशबूनं प्रेत आलं तेव्हा पुनमचा हात धरला होता. वकील बोलायला लागल्यावर ती आजीच्या मांडीवर झोपून गेली.

बापूजी मात्र पुढे वाकून बसले होते. सिनेमातल्या खटल्याची गोष्ट साधी होती. उंचावरच्या ठाण्यावर एक जवान थंडीनं मेला होता. त्याच्या सोबत्यानं हुकूम मोडून जागा सोडली म्हणून तो मेला, असा आरोप होता, आणि सोबत्यावर कोर्ट मार्शल चाललं होतं.

"ह्याची टोपी अन् पट्टा काऊन काढून घेतला?" बापूजींनी जरा मोठ्यानंच विचारलं.

"आरोपीचा काढतेतच," गोपाल म्हणाला.

"अन् हे पाचजन?"

"ते जज."

"वकील हाय का मंग त्याले?"

"रायते."

पुनम गोपालच्या दुसऱ्या बाजूला होती. पडद्यावर शिपाई ओरडला, साक्षीदार हाजिर, आणि तो नवा पोरगा आत येऊन सॅल्यूट करून उभा राहिला. वकिलानं विचारलं, त्या रात्री तू काय पाहिलंस. पोरगा म्हणाला, जागा रिकामी होती. गोपालनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पुनमनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

मध्यंतर झालं. "समोसे घेऊन येतो," म्हणून गोपाल उठला. दिवे पुन्हा गेले, सिनेमा सुरू झाला, तरी तो आला नाही. पुनम वाट पाहत बसली. मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, खुशबूले पाहा जरा," आणि बाहेर आली.

गोपाल गाड्यांच्या स्टँडमागे पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. हातात समोशांची पुडी तशीच होती.

"काय झालं जी?"

"काही नाई. आत गरमी हाय."

"नोव्हेंबरात?"

तो टाकीच्या कठड्यावर टेकला. पुनम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. स्टँडवरचा माणूस रेडिओ ऐकत होता. बऱ्याच वेळानं गोपाल म्हणाला, "सुट्टी वाढली नाई मायी. सुट्टी कवाचीच सरली. मी गेलोच नाई."

पुनमला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग लागला. "मंग युनिटवाले?"

"फोन करत असतीन. ते सिम मी काढून ठेवलं. अजून काही दिवस गेले का भगोडा म्हनून लिहितेत. मंग ठान्यातून पोलीस येतेत घरी."

"काऊन पन? काय केलं तुमी?"

"मी नाई. सुकलूनं."

सुकलू कोण ते तिला सांगावं लागलं नाही. पुनमचं माहेर धानोऱ्याचं, आणि सुकलूचं गाव तिथून पुढे जंगलात. गोपाल आणि तो एकाच भरतीत लागले होते. सुकलूची आई सोमारीबाई मोहफुलं आणि चारोळी विकायला धानोऱ्याला यायची तेव्हा पुनमच्या आईकडे पाणी प्यायला थांबायची. गोपालचं स्थळ सुचवलं होतं तेही सुकलूनंच.

"दारूगोळ्याच्या कोठारावर संत्री होता तो," गोपाल सांगू लागला. "मी पहारा बदलाले गेलो तं झोपला होता. बसल्या बसल्या, रायफल मांडीवर. मी उठवतच होतो का मांगून सुभेदारसाहेब आले. त्यायनं मलेच विचारलं, झोपला होता का? मी काय सांगू? साहेबायनं मले त्याले हालवतानी पाह्यलं होतं. मी म्हटलं, हो. आता कोर्ट होनार. झोपलेला पाह्यला तो मी एकट्यानंच, म्हनून गवाह मीच. संत्री झोपला म्हंजे नोकरी जाते, जेल होते. सुकलू मले म्हने, दादा, तू म्हन का मी डोळे मिटून बसलो होतो, झोपलो नोतो. मी काय करू? खोटं बोललो तं मी मेलो. खरं बोललो तं तो. म्हनून मंग गेलोच नाई."

"तुमी नाई गेले तं कोर्ट थांबन काय?"

"थांबन वाटलं."

पुनमनं पुडी त्याच्या हातातून घेतली. समोसे गार झाले होते. तिला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त तिला सोमारीबाईंचं ओसरीवर टोपली उतरवून बसणं दिसत होतं.

"मामाजीले सांगा," ती म्हणाली.

"कसं सांगू? गावभर सांगून बसले ते."

"पोलीस येऊन सांगतीन त्याच्यापेक्षा तुमी सांगा."

सिनेमा सुटला. पाचपंचवीस माणसं बाहेर आली. बापूजी एका अनोळखी माणसाशी बोलत पायऱ्या उतरले, मागे खुशबूला कडेवर घेऊन भागीरथाबाई. गोपालला पाहून बापूजी म्हणाले, "कुठी होता तू? खरा सिनेमा तं मांगून झाला. तुह्यं हुकलं."

"डोकं दुखून राह्यलं होतं, बाबा."

भागीरथाबाई काळीपिवळीत बसल्यावर म्हणाल्या, "शिव्या कुठी होत्या? मले तं आईकू नाई आल्या." बापूजी रस्ताभर त्या साक्षीदाराविषयी बोलत राहिले. घरी आल्यावर त्यांनी पुनमला सांगितलं की हा सिनेमा शाळेतल्या मोठ्या पोरांना दाखवला पाहिजे, लहानांना नको, लहानांना त्यातलं काही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कापूस वेचायला गेले. खुशबू शाळेत होती. भागीरथाबाई आणि पुनम एका ओळीत होत्या, बापूजी आणि गोपाल पलीकडच्या. पुनमनं दोनदा मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तो वेचायचा थांबला होता आणि बोलत होता. बापूजींचा हात बोंडावर तसाच राहिला होता.

भागीरथाबाईंनी विचारलं, "काय सांगून राह्यला तो?"

पुनमनं त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी कमरेची ओटी सोडून कापूस खाली ठेवला आणि ओळीतच बसल्या.

बापूजी रागावले नाहीत. त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वेचली. गोपाल मागे उभाच होता. ओळ संपल्यावर बापूजी बांधावर येऊन बसले, पाणी प्यायले, आणि मुलाला जवळ बोलावलं. पुनम आणि भागीरथाबाईही तिथं आल्या.

"गावाले मी काय सांगीन, ते माह्यं मी पाहीन," बापूजी म्हणाले. "तू मले एक सांग. कोर्टात तुले काय विचारतीन?"

"हेच, का झोपला होता का नाई."

"बस?"

"बस. फौजेत विचारलं तेवढंच सांगाचं असते, बाबा."

"मंग तुह्यं काल हुकलंच," बापूजी म्हणाले. "तुमी दोघं बाहेर होता ना, तवा तो दुसरा वकील उठला. आरोपीचा. दुबळाच होता दिसाले, मी म्हटलं हा काय करन. तो त्या पोराले विचारते, जागा रिकामी होती म्हनतोस, बरं. त्या राती पहाऱ्यावर तो. त्याच्या आधीच्या राती कोन होतं? पोरगा म्हने, तोच. त्याच्याबी आधी? म्हने, तोच. मंग विचारते, तीन-तीन राती एकच मानूस काऊन उभा होता? बाकीचे कुठी गेल्ते? कोनं लावली ही ड्यूटी? तो पोरगा मेजरकडे पाहे, जजकडे पाहे, घाम पुसे. मी तं खुर्चीतून उठाले आलो होतो. अन् मंग त्यानं सांगतलं, त्या मेजरचं नाव घेऊन."

गोपालनं मान खाली घातली होती. बोटात अडकलेला कापसाचा धागा तो सोडवत बसला.

बापूजींनी मग विचारलं, "तुह्या सुकलूचं काय? तो आधीच्या राती झोपला होता का बरोबर?"

"नाई."

"काऊन?"

"सेक्शनमंदी ताप होता. दोघं दवाखान्यात होते. त्यायच्या जाग्यावर तोच गेला."

"किती राती?"

"लागोपाठ तीन. दिवसा परेडबी होती."

"कोनं लावलं त्याले?"

दूर रस्त्यानं ट्रक गेला आणि त्याचा आवाज पुरता विरेपर्यंत चौघंही तसेच बसले होते.

"मीच," गोपाल म्हणाला. "सेक्शनची ड्यूटी मी लावतो. दुसऱ्याले सांगतलं का तो कुरकुर करते. सुकलू कधीच 'नाई' म्हनत नाई. म्हनून त्यालेच लावलं."

पुनमला तेव्हा कळलं की काल टाकीजवळ तिला अर्धीच गोष्ट सांगितली गेली होती. कदाचित गोपालनं स्वतःलाही तेवढीच सांगितली असावी.

भागीरथाबाई पहिल्यांदा बोलल्या. "सोमारीच्या पोराले तीन राती उभं केलं तू, अन् वरतून इथी येऊन लपला?"

"हो, माय."

"मंग जाय," त्या म्हणाल्या. "दोन्ही सांग. झोपला होता तेबी सांग, अन् तू लावला होता तेबी सांग."

"कोनी विचारलंच नाई तं?"

"नाई विचारलं तरी सांग," बापूजी म्हणाले. "त्या सिनेमातल्या पोराले वकिलानं विचारेपर्यंत दम नोता. तुले आताच मालूम हाय."

गोपालनं दुपारी जुनं सिम घातलं. पहिला फोन त्यानं कंपनीच्या हवालदाराला लावला. पलीकडून बराच वेळ नुसतं ओरडणं ऐकू येत होतं. गोपाल 'हां सर', 'जी सर' म्हणत अंगणात उभा होता. मग म्हणाला, "आ रहा हूं सर." बापूजी त्याच्यासोबत नागपूरपर्यंत गेले. गाडीत बसवून आले. परतल्यावर पाराजवळ लोकांनी विचारलं, तर म्हणाले, "सुट्टी वाढली नोती. तो खोटं बोलला मले. आता गेला परत." कोणी पुढे काही विचारलं नाही, आणि त्यांनीही आणखी सांगितलं नाही.

पुनम त्याच आठवड्यात खुशबूला घेऊन माहेरी गेली. धानोऱ्याहून भाऊ धनराजच्या मोटारसायकलवर बसून ती सुकलूच्या गावी गेली. सोमारीबाई अंगणात हिरडे वाळत घालत होत्या. त्यांना अर्धीमुर्धी बातमी होती. सुकलूनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की नोकरीचं काही खरं नाही.

पुनमनं सगळं सांगितलं, नवऱ्यानं ड्यूटी लावली होती तेही. सोमारीबाई हिरडे पसरत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तुह्या नवऱ्यानं तुले धाडलं का?"

"नाई. मीच आली."

"तो कोर्टात सांगन का हे सारं?"

"सांगीन म्हनून गेला."

"मंग सांगू दे आधी," सोमारीबाई म्हणाल्या. "मंग पाहू." त्यांनी पुनमला चहा दिला, पण निघताना खुशबूसाठी एरवी द्यायच्या ती चारोळी दिली नाही. पुनमला ते लागलं, आणि बरोबरही वाटलं.

कोर्ट हिवाळा सरता सरता झालं. गोपालनं फोन करून सांगितलं ते असं. त्याला विचारलं, संत्री झोपला होता का. तो म्हणाला, हो. पुढचा प्रश्न येत नव्हता, साक्षीदाराला जायला सांगणारच होते. तो म्हणाला, सर, मला आणखी सांगायचं आहे. टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बोल म्हणाले. त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी दवाखान्याचे आणि ड्यूटीचे कागद मागवले. सुकलूला शिक्षा झाली, काही दिवस कोठडीत काढावे लागले, पण नोकरी राहिली. गोपालवर दोन गोष्टी आल्या. न सांगता गैरहजर राहिला ती एक आणि पहाऱ्याची ड्यूटी नीट लावली नाही ती दुसरी. त्याची नायकाची फीत गेली. आता तो पुन्हा सुकलूच्या बरोबरीचा शिपाई होता.

"बोलते का सुकलू?" पुनमनं विचारलं.

"नाई बोलत."

बापूजी शेजारीच बसून ऐकत होते. फीत गेली हे त्यांना पुनमनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पगार कमी होईन थोडा. होऊ दे."

उन्हाळा लागेपर्यंत गोपालच्या प्रत्येक फोनवर पुनम तेच विचारायची आणि तो तेच उत्तर द्यायचा. मे महिन्यात एकदा त्यानं स्वतःहून सांगितलं, "काल मेसमंदी सुकलू माह्या समोर बसला."

"काही बोलला का?"

"मीठ मांगतलं."

"तुमी दिलं?"

"दिलं ना."

पुनमनं फोन ठेवला आणि सासूला जाऊन सांगितलं. भागीरथाबाई तांदूळ निवडत होत्या. "बरं झालं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि सूप पुनमच्या पुढे सरकवलं.